रद्द झाल्या म्हणून काय झालं?

२०१४मध्ये स्टार वॉर्स चित्रपटांची निर्माती कंपनी लुकासफिल्मने त्याच विश्वातल्या जुन्या कादंबऱ्या 'लेजंड्स' म्हणून, म्हणजे अधिकृत कथानकाचा भाग नाहीत असं ठरवून, बाजूला काढल्या, मग त्यांतलं राजकारण आता कशाला वाचायचं, हा मुद्दा मला अजिबात पटला नाही. टिमथी झानची १९९१ची 'एअर टू द एम्पायर' घ्या. चित्रपटांतलं जुलमी साम्राज्य हरलंय, पण बंडखोरांनी उभारलेलं नवं प्रजासत्ताक आतून पोखरलं जातंय. बोथान या परग्रहवासी जमातीचा नेता फेलिया ॲडमिरल ॲकबारच्या हात धुऊन मागे लागलेला. ॲकबारच्या खात्यात अचानक मोठी रक्कम जमा झालेली सापडते, आणि साम्राज्याविरुद्धच्या निर्णायक एंडोरच्या लढाईत ताफ्याचं नेतृत्व करणारा सेनानी देशद्रोहाच्या संशयावरून अटकेत! सत्ता हाती आल्यावर बंडखोरांच्या आघाडीचं काय होतं, हे मूळ तीन चित्रपटांनी दाखवलंच नव्हतं.

जुन्या कादंबऱ्यांचं पुढच्या कथांशी सातत्य म्हणाल तर राजधानीच्या ग्रहाचं 'कोरुसान्ट' हे नावही झानचंच. १९९९च्या 'द फँटम मेनेस' चित्रपटाने ते सरळ उचललं. झानच्या याच कादंबरीतला खलनायक, साम्राज्याचा सेनानी थ्रॉनही 'रेबेल्स' या ॲनिमेशन मालिकेतून परतला.

नव्या, अधिकृत कादंबऱ्यांपैकी क्लॉडिया ग्रेची 'ब्लडलाइन' जरूर वाचा. सिनेटमधले पॉप्युलिस्ट (ग्रहांना स्वायत्तता हवी असणारे) आणि सेंट्रिस्ट (मजबूत केंद्रसत्ता हवी असणारे) एकमेकांना कसे अडवून धरतात, आणि बंडखोरांची नेती लेया ही साम्राज्याचा क्रूर सरदार डार्थ व्हेडरची मुलगी असल्याचं भर सभागृहात उघड झाल्यावर तिचं राजकीय वजन कसं ढासळतं, ते फार ताकदीने आलंय.