मदत हवी आहे: परक्या जहाजावर आपलं विमान

मंडळी, शनिवारी वाचनालयात विमानवाहू जहाजांवर बोलायचंय आणि एका जागी गाडी अडलीय. २०१८ मध्ये फ्रान्सची राफेल-एम (राफेलचा नौदलासाठीचा प्रकार) विमानं अमेरिकेच्या 'जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश' या विमानवाहू जहाजावरून उडाली. उड्डाणाचं कळलं: फ्रान्सच्या 'शार्ल द गोल' जहाजावरचे कॅटापुल्टही (विमानाला वेगाने पुढे फेकणारी यंत्रणा) अमेरिकी बनावटीचेच, त्यामुळे विमानाच्या पुढच्या चाकाचा, कॅटापुल्टमध्ये अडकणारा दांडा 'बुश'वरही बरोबर बसतो. (आपल्या 'विक्रांत'वर कॅटापुल्ट नाही, पुढे चढ आहे; म्हणून २०२२ मध्ये राफेलची चाचणी गोव्यात 'हंसा' या नौदल तळावरच्या तशाच चढावर झाली.) घोडं अडलंय उतरण्यापाशी. विमानाच्या शेपटीखालचा हुक डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकतो आणि विमान थांबतं, पण पाहुण्या विमानाच्या वजनाप्रमाणे तारेचा ताण कोण ठरवतं? वैमानिकाला रेडिओवर सूचना देणारा अधिकारी कुणाचा, यजमानांचा की पाहुण्यांचा? नौदलात डेकवर काम केलेलं कुणी असेल तर सांगा ना. पहिल्या रांगेतले आजोबा फार खोदून विचारतात हो!