प्राथमिक अवसादन टाकी वगळावी का? गाळपचन आणि खर्चाचा हिशेब

जलरेखा: दररोज १०,००० घनमीटर घरगुती सांडपाण्याच्या प्रकल्पाचा आराखडा तपासताना एक मतभेद उभा राहिला आहे. प्राथमिक अवसादन टाकी (घन तळाशी बसू देणारी पहिली टाकी) वगळून दीर्घ वायुविजनाची (पाण्यात बराच काळ हवा सोडून जिवाणूंकरवी घाण संपवण्याची) पद्धत घ्यावी, म्हणजे कच्च्या गाळाची दुर्गंधी, डायजेस्टर (हवेविना गाळ पचवून बायोगॅस देणारी बंद टाकी) आणि गॅस इंजिन ही सारी कटकट टळेल, असे एका गटाचे म्हणणे आहे. टाकीमुळे ब्लोअरची (हवा फुंकणाऱ्या यंत्राची) वीज वाचते हे मान्य आहे. परंतु एवढ्या बचतीसाठी इतका पसारा मांडणे योग्य ठरते का?

निवळी: ब्लोअरची बचत हा टाकीचा दुय्यम लाभ आहे, खरा प्रश्न गाळ कोणत्या प्रतीचा मिळतो हा आहे. येणाऱ्या पाण्यात निलंबित घन (पाण्यात न विरघळलेले कण) ३०० आणि बीओडी (सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, म्हणजे घाणीचे माप) २५० मिलिग्रॅम प्रतिलिटर धरले, आणि टाकीने त्यातील अनुक्रमे ६० व ३० टक्के काढले, तर सुमारे ७५० किलो बीओडी वायुविजन टाकीपर्यंत पोहोचत नाही. प्रतिकिलो एक किलो प्राणवायू आणि युनिटमागे दीड किलो प्राणवायू या हिशेबाने दररोज साधारण ५०० युनिट वाचतात. दुसरीकडे १,८०० किलो प्राथमिक गाळ मिळतो, ज्यातील पाऊण हिस्सा सेंद्रिय असतो आणि त्यातला सुमारे ६० टक्के पचतो. त्यातून ७५० घनमीटरच्या आसपास बायोगॅस, म्हणजे इंजिनातून अंदाजे १,५०० युनिट वीज मिळू शकते. वायुविजनातून निघणारा जिवाणूंचा गाळ मात्र पेशीभित्तिकांमुळे चिवट असतो आणि तो ३० ते ४५ टक्केच पचतो. दीर्घ वायुविजनात तर तो आधीच पुष्कळसा झिजलेला असल्याने त्यात गॅस देण्याजोगे फारसे उरत नाही. छोट्या प्रकल्पांत ही कटकट टाळणे शहाणपणाचे असते, पण आपल्या आकारमानाला निदान पूर्ण हिशेब मांडल्याशिवाय टाकी वगळू नये.

पाळीप्रमुख: वरील हिशेब बरोबर आहे, परंतु तो गाळ घट्ट निघेल हे गृहीत धरतो, आणि प्रत्यक्षात बहुतेक प्रकल्प तिथेच मार खातात. पंप दीर्घकाळ चालवला की तळाच्या थराला भोक पडते, सुरुवातीला येणारा दाट काळपट गाळ संपतो आणि पुढे नुसते गढूळ पाणी डायजेस्टरकडे जाते. १,८०० किलो घन २ टक्के घन असलेल्या पातळ गाळातून काढले तर ९० घनमीटर, ५ टक्के घन असलेल्या दाट गाळातून काढले तर केवळ ३६ घनमीटर गाळ होतो. गाळ २० दिवस आत ठेवण्यासाठी डायजेस्टर पहिल्या वेळी १,८०० आणि दुसऱ्या वेळी ७२० घनमीटरचा लागतो. २० अंशांवरून ३५ अंशांपर्यंत तापवायला घनमीटरमागे साधारण साडेसतरा युनिट उष्णता लागते, म्हणजे पातळ गाळ आपल्याच गॅसची उष्णता गिळतो. उलट गाळ फार वेळ तळाशी राहू दिला, तर तो सडून बुडबुड्यांसह काळी ढेकळे वर येतात आणि विरघळलेले सेंद्रिय द्रव्य पुन्हा वायुविजन टाकीवर येऊन पडते. थोडा-थोडा, वारंवार उपसा आणि रोज घनतेची चाचणी, हाच उपाय. आधीची जाळी बारीक नसेल तर केस आणि चिंध्या मिश्रकाला गुंडाळतात, हेही विसरू नये.

जलरेखा: आभारी आहे. मग फेरिक क्लोराइड घालून टाकीची कार्यक्षमता आणखी वाढवावी का?

निवळी: तसे केल्यास बीओडी ५० टक्क्यांपर्यंत निघू शकतो, फॉस्फरस बांधला जातो आणि लोह सल्फाइडला पकडत असल्याने बायोगॅसमधील हायड्रोजन सल्फाइडही घटतो. मात्र रसायनाचा खर्च आणि वाढलेला गाळ, त्यातील पाणी पिळून काढण्यासाठी लागणाऱ्या पॉलिमरसह मोजावा लागतो, शिवाय पाण्याची क्षारता (आम्ल सोसण्याची क्षमता) घटते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नायट्रोजन काढण्याची अट असेल तर विनायट्रीकरण करणाऱ्या (नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करणाऱ्या) जिवाणूंना कार्बन लागतो. टाकी बीओडी भरपूर काढते आणि नायट्रोजन फारच थोडे, त्यामुळे बीओडी भागिले नायट्रोजन हे गुणोत्तर चारच्या खाली घसरले की बाहेरून मिथेनॉलसारखा कार्बन विकत घेण्याची वेळ येऊ शकते. डायजेस्टरनंतर पिळून निघालेले पाणीही अमोनिया परत आणते, त्याचा भार आराखड्यात अवश्य धरावा. म्हणून रसायनाचा निर्णय नंतरसाठी ठेवला तरी चालेल. पण कार्बन कमी पडल्यास टाकीला वळसा घालून काही कच्चे पाणी थेट पुढे नेणारी नळी व झडप आत्ताच बसवा, कारण ती नंतर घालायला बांधकाम फोडावे लागते.