वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया : तयारी कुठून सुरू करावी आणि खर्चाची बाजू कशी सांभाळावी?

रानवाट

नमस्कार. माझी उंची १६० सेंटीमीटर आणि वजन ९८ किलो आहे, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३८च्या थोडा वर जातो. टाईप २ मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि झोपेत मध्येच श्वास अडकतो असे घरचे सांगतात. त्याची तपासणी मात्र अद्याप झालेली नाही. आहार आणि चालणे यांनी वजन अनेकदा उतरले आणि प्रत्येक वेळी व्याजासह परत आले. सर्जननी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून ते लहान करण्याची शस्त्रक्रिया, सुचवली आहे आणि रुग्णालयाने खर्चाचा एकच आकडा कागदावर लिहून दिला आहे. आरोग्यविमा आहे, परंतु लठ्ठपणाच्या उपचारांविषयीचे कलम दोन-तीनदा वाचूनही ते माझ्या बाजूचे आहे की विरोधातले, हे उमगत नाही.

शस्त्रक्रिया करावी की नाही, हा प्रश्न मी विचारत नाही. तो निर्णय झाला आहे. आधी शरीराची तयारी करावी की आधी विम्याची मंजुरी मिळवावी, आणि त्या एका आकड्याबाहेरचा कोणता खर्च गृहीत धरावा, एवढेच जाणून घ्यायचे आहे. छातीत जळजळ होण्याचा जुना त्रासही आहे, पण तो कुणी विचारला नाही आणि मीही सांगितला नाही. त्याने काही फरक पडतो का?

हिशेबनीस

वैद्यकीय दाव्यांची कागदपत्रे तपासण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, म्हणून पैशांच्या बाजूनेच लिहितो. शरीराची तयारी आणि विम्याची तयारी ही दोन वेगळी कामे आहेत असे समजू नका. सर्जन शस्त्रक्रियेपूर्वी ज्या तपासण्या सांगतील, बहुधा तेच अहवाल विमा कंपनी पूर्वमंजुरीसाठी मागते. तपासणी लवकर झाली तर दोन्हीकडचे काम पुढे सरकते आणि टाळली तर दोन्हीकडे अडते. तुमच्या बाबतीत झोपेच्या तपासणीचे तसेच आहे. भूलतज्ज्ञांना ती सुरक्षिततेसाठी हवी असते आणि विमा कंपनीला लठ्ठपणामुळे झालेल्या आजाराचा पुरावा म्हणून.

निकषांविषयी थोडे सांगतो, कारण कलमाचा अर्थ तिथेच दडलेला असतो. बीएमआय ४०च्या वर, किंवा ३५च्या वर आणि सोबत गंभीर सहव्याधी, हा निकष अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या १९९१च्या सहमती परिषदेतून आला. २०२२ मध्ये या क्षेत्रातील दोन मोठ्या संघटनांनी तो शिथिल केला. त्यांच्या मते बीएमआय ३५च्या वर असेल तर सहव्याधी नसतानाही शस्त्रक्रिया सुचवावी, मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर ३०पासून विचार व्हावा, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी ही मर्यादा २७.५ धरावी. वैद्यक पुढे गेले, तरी अनेक पॉलिसी अजून १९९१लाच धरून आहेत. तुम्ही मात्र जुन्या निकषातही बसता. अट एवढीच, की मधुमेह, रक्तदाब आणि श्वास अडकणे हे तिन्ही आजार कागदावर, तारखेसह आणि डॉक्टरांच्या सहीने दिसायला हवेत.

कलम वाचताना चार गोष्टी शोधा : प्रतीक्षा कालावधी (पॉलिसी घेतल्यापासून ज्या काळात दावा करता येत नाही तो) पूर्ण झाला आहे का, लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेला वेगळी उपमर्यादा, म्हणजे कंपनी देईल त्या रकमेची वेगळी कमाल मर्यादा, आहे का, खर्चाचा काही टक्का तुमच्या माथी येतो का, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहाराचे प्रयत्न केल्याचा पुरावा मागितला आहे का. काही कंपन्या अशा प्रयत्नांची तीन ते सहा महिन्यांची नोंद मागतात. अशा सक्तीच्या आहारामुळे शस्त्रक्रियेचा निकाल सुधारतो असे सिद्ध झालेले नाही आणि माझ्या मते ही अट निव्वळ वेळकाढूपणाची आहे. पण ती असेल तर पाळावीच लागते, म्हणून आहारतज्ज्ञांच्या प्रत्येक भेटीत वजन लिहून सही घ्या. कंपनीशी बोलणे फोनवर झाले तरी उत्तर लेखी मागा. आणि जुना आजार प्रस्तावपत्रात लिहायचा राहून गेला असेल, तर दावा दाखल करण्यापूर्वी ते कंपनीला कळवा, कारण माहिती दडवल्याचा ठपका आला की कलम कितीही अनुकूल असले तरी उपयोग होत नाही.

आता त्या एका आकड्याविषयी. त्याची फोड मागितल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नका. सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांचे मानधन, शस्त्रक्रियागृह, मुक्कामाचे दिवस आणि स्टेपलर यांचे आकडे स्वतंत्र हवेत. जठर कापत आणि शिवत नेणारा हा स्टेपलर दर टप्प्याला टाचण्यांचे नवे कार्ट्रिज खातो. ठरल्यापेक्षा जास्त कार्ट्रिज लागली तर वाढीव रक्कम कोण भरणार, हे आधीच विचारा. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे शिवणीतून गळती किंवा रक्तस्राव होऊन पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले, तर तो खर्च पॅकेजमध्ये आहे का, आणि असल्यास किती दिवसांपर्यंत. या प्रश्नाला जे रुग्णालय हसून उत्तर देते, तिथे मी तरी जाणार नाही. ‘आजच नोंदणी केल्यास सवलत’ असे सांगणाऱ्यांविषयीही माझे मत हेच आहे.

हप्त्यांवर पैसे भरणार असाल, तर बिनव्याजी म्हणवणाऱ्या कर्जातही प्रक्रिया शुल्क किती आणि हप्ता चुकल्यास दंड किती, हे वाचून घ्या. शेवटी जास्त महाग काय पडते ते व्याजदराच्या ओळीत लिहिलेले नसते.

सावकाश

माझी बायपास शस्त्रक्रिया झालेली आहे, हृदयाची नव्हे, तर जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडण्याची. हिशेबनीस यांनी पैशांचे लिहिले आहे, म्हणून मी शरीराकडे वळतो, आणि सर्वांत आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. जळजळीने फरक पडतो, आणि बराच पडतो. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे पाऊण भाग काढून उरलेली अरुंद नळी ठेवतात. तिच्यात दाब वाढतो आणि आम्ल वर येण्याचा त्रास काहींमध्ये बळावतो, काहींमध्ये नव्याने सुरू होतो. त्रास तीव्र असेल किंवा अन्ननलिकेला इजा झालेली असेल, तर सर्जन सहसा बायपासकडे झुकतात, कारण त्यात तो बहुधा कमी होतो. म्हणून पुढच्याच भेटीत हे सांगा आणि जठराच्या दुर्बिणीच्या तपासणीचा (एंडोस्कोपी) आग्रह धरा. त्याच तपासणीत हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा संसर्गही कळतो आणि शस्त्रक्रियेपूर्वी त्यावर उपचार करता येतात. शस्त्रक्रिया बदलली तर खर्चाचा कागद आणि पूर्वमंजुरीचा अर्ज दोन्ही बदलतील, त्यामुळे हे अर्ज जाण्याआधी झालेले बरे.

शस्त्रक्रियेपूर्वीचे दोन ते चार आठवडे कमी उष्मांकांचा आहार सांगतात. पुष्कळांना वाटते की ही रुग्णाच्या निग्रहाची परीक्षा आहे. प्रत्यक्षात कारण यकृत आहे. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो आणि चरबीमुळे तो फुगलेला असला की दुर्बिणीतून त्याच्याखाली पोचणे अवघड जाते. या आहाराने यकृत आकसते आणि सर्जनला जागा मिळते. पण तुम्ही मधुमेही आहात, म्हणून हा आहार सुरू करण्याच्या आधीच औषधांचे प्रमाण ठरवून घ्या. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत घेत अन्न कमी केले, तर साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. नाव ‘ग्लिफ्लोझिन’ने संपणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या साधारण तीन-चार दिवस आधी थांबवतात, कारण साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन नावाची आम्ले साचण्याचा धोका असतो. वजनाची किंवा मधुमेहाची साप्ताहिक इंजेक्शने घेत असाल तर भूलतज्ज्ञांना अवश्य सांगा. जठर उशिरा रिकामे होत असल्यामुळे ते वेगळी काळजी घेतात. हे सर्व डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हायचे आहे, मनाने नाही.

तंबाखू कोणत्याही रूपात असेल तर किमान सहा आठवडे आधी सोडावी लागते. गर्भधारणेचा विचार असेल तर शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात, आणि बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये.

त्या एका आकड्यात न येणारा खर्च आयुष्यभराचा आहे, आणि त्याविषयी प्रवेशाच्या वेळी कुणी बोलत नाही. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह आणि रोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, तेही शक्यतो सायट्रेट स्वरूपातले, हे कायमचे मागे लागते. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवावे लागते, त्यामुळे माझ्या स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर गोळ्यांच्या दोन वेगळ्या डब्या असतात आणि घरातल्या कुणालाही त्या एकत्र ठेवू देत नाही. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत; सुरुवातीला जेवण इतके थोडे जाते की प्रथिनांच्या पावडरीला पर्याय नसतो. पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, आणि त्यानंतर दरवर्षी रक्ततपासणी असते. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात आणि त्याची शस्त्रक्रिया हा वेगळा खर्च आहे. सैल पडलेली त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया बहुतेक विमा कंपन्या सौंदर्योपचारात टाकतात, तेव्हा ती स्वखर्चाचीच धरा.

अर्धविराम

निर्णय झाला आहे असे तुम्ही म्हटले आहे, तरीही खर्चाच्या तुलनेसाठी एक मुद्दा मांडतो. वजन कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाची इंजेक्शने दरमहा स्वस्त वाटतात, पण ती थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन परत आल्याचे मोठ्या चाचणीत दिसले आहे. म्हणजे तो खर्चही न संपणाराच आहे. कुणी ‘आधी इंजेक्शने घेऊन पाहा’ असे सांगितले तर पाच वर्षांची बेरीज करूनच उत्तर द्या.

रानवाट

सर्वांची आभारी आहे. जळजळीविषयी सर्जनना आजच कळवले आणि त्यांनी दुर्बिणीच्या तपासणीची तारीख दिली. एक शंका उरते : झोपेची तपासणी आणि दुर्बिणीची तपासणी यांचा खर्च शस्त्रक्रियेच्या दाव्यात धरला जातो का, की तो मलाच सोसायचा आहे?

हिशेबनीस

पॉलिसीत ‘रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीचा खर्च’ असे कलम असेल तर त्यात दिवसांची मर्यादा लिहिलेली असते, आणि त्या मर्यादेतल्या, त्याच आजाराशी संबंधित तपासण्या सहसा धरल्या जातात. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख अंदाजे ठरल्यावर मागे दिवस मोजा आणि शक्य असेल तर तपासण्या त्या मुदतीत बसवा. मात्र झोपेच्या तपासणीत श्वासाचे यंत्र लावायला सांगितले, तर शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे ते वापरावे लागू शकते, तेव्हा ती तपासणी विम्यासाठी लांबवू नका. मूळ पावत्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि अहवाल एकत्र ठेवा. चिठ्ठीवर तपासणीचे कारण लिहिलेले नसेल तर ते लिहून घ्या.