मदत हवी आहे: फुलपाखराचा पाय पाठवला, उत्तर बॅक्टेरियाचं आलं

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. प्राणिशास्त्र, दुसरं वर्ष, मुक्काम सोलापूर. प्रोजेक्टला ग्रास यलो फुलपाखरं घेतलीत, म्हणजे युरेमा. हिप्परगा तलावाकडं मित्राचं शेत आहे, बांधावर तरोटा माजलेला, तिथं ही पिवळी पिल्लावळ ढिगानं. (नान्नजच्या अभयारण्यात परवानगीशिवाय जाळी काढायची सोय नाही, म्हणून शेतच बरं.)

पावसाळ्यात ओळख सोपी. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, सेलमध्ये (शिरांनी वेढलेल्या मधल्या कप्प्यात), दोन ठिपके असले तर हेकाबे जात, तीन असले तर ब्लँडा. दिवाळीनंतर त्याच पंखांवर तांबूस-तपकिरी ठिगळं येतात आणि मग भिंग लावून डोळे दुखेपर्यंत बघितलं तरी ठरत नाही. म्हणून बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या तुकड्यावरून जात ओळखणं. सीओआय जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा, त्यासाठी फुलपाखराचा एक पाय पुरतो.

आठ नमुने दिले. दोघांचा जेलवर बँडच नाही, म्हणजे डीएनएचा तुकडा मिळालाच नाही. ते मी आधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवले होते (त्यात डीएनए खराब होतो), गाईड सरांचा ओरडा खाऊन झालाय, त्यावर कृपया परत नको. पाच व्यवस्थित आले. आठव्याचा बँड सुरेख, सिक्वेन्स स्वच्छ, आणि ब्लास्ट केलं (ऑनलाइन साठ्यातल्या सिक्वेन्सशी जुळवून बघितलं) तर वोल्बाकिया नावाचा बॅक्टेरिया! लॅबमधली पोरं विचारतायत, फुलपाखरू पकडलं होतंस की जंतू.

आणखी एक गोम आहे. पाचातला एक मी पंख बघून लेटा (युरेमाचीच आणखी एक जात) म्हणून लिहिला होता, तो हेकाबेशी 99 टक्के जुळतोय. आता माझे डोळे खरे की ब्लास्ट? प्रायमर (हवा तो तुकडा पकडून त्याच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) नेहमीचेच, एलसीओ1490 आणि एचसीओ2198. आठव्याचे पाच पाय अल्कोहोलमध्ये शिल्लक आहेत. प्रबंध पुढच्या महिन्यात द्यायचाय.

प्रतिसाद:
घाबरू नकोस, लॅब दूषित झालेली नाही. वोल्बाकिया किड्यांच्या पेशींतच राहतो आणि त्याच्याकडंही सीओआय असतो. हे प्रायमर कुठल्याही प्राण्याला चालावेत असेच बनवलेत, कधी कधी त्यालाही पकडतात. लेपएफ1-लेपआर1 हे फुलपाखरांसाठीचे प्रायमर लावून बघ, पण हमी नाही. आधी सगळ्या नमुन्यांवर डब्ल्यूएसपी या वोल्बाकियाच्या जनुकाचा पीसीआर (प्रती काढायची चाचणी) कर, कोण कोण बाधित आहे ते कळेल.

दुसरं जास्त महत्त्वाचं. फुलपाखराचा सीओआय पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात असतो. वोल्बाकिया आणि मायटोकॉन्ड्रिया दोन्ही आईकडूनच येतात, त्यामुळं बाधा पसरते तशी एकाची मायटोकॉन्ड्रिया दुसऱ्या जातीत घुसू शकते. जपानात हेकाबे आणि मँडारिना या युरेमाच्या दोन जातींत हे झालेलं आहे. म्हणून त्या लेटासाठी नुसत्या सीओआयवर निकाल देऊ नकोस, ईएफ-1 अल्फासारखं केंद्रकातलं जनुक घे. नर असेल तर पोटाचं टोक केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) मऊ करून जननांग बघ, एक पैसा लागत नाही. आणि 99 टक्के हेकाबेच्या नेमक्या कुठल्या नोंदीशी जुळले? बोल्डवर (बारकोडच्या ऑनलाइन साठ्यावर) त्या नोंदीला नमुन्याचा फोटो आहे का? चुकीचं नाव लावून चढवलेले सिक्वेन्स ढिगानं आहेत.

मूळ लेखक:
फोटो नाही ओ, आत्ताच बघितलं. नमुना नरच आहे. केओएच उद्या सकाळी. डब्ल्यूएसपीचे प्रायमर कुणाकडं उरलेले आहेत का, सोलापूर-पुणे कुठंही येऊन नेईन.