१२ व्होल्ट २ अँपिअरचा फ्लायबॅक: सिम्युलेटर कोणता घ्यावा? (बजेट ₹२,५००)

ठिबकवाला
मंडळी, ठिबकच्या व्हॉल्व्ह कंट्रोलरसाठी एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) स्वतः बनवायचा आहे, फ्लायबॅक म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये आधी ऊर्जा साठवून मग आउटपुटला सोडणारा. शेतावर मोटारी चालू असल्या की लाइन १५० व्होल्टपर्यंत बसते, बंद झाल्या की २७० ला जाते. यूसी३८४४ (कंट्रोलर आयसी), ईई२५ कोअर (ट्रान्सफॉर्मरचा फेराईट गाभा), स्विचिंग ६५ किलोहर्ट्झला असं मनात आहे. सोल्डर करायच्या आधी कॉम्प्युटरवर चालवून बघायचंय. फुकटातलं सॉफ्टवेअर सुचवा. ₹२,५०० मध्ये सुटे भागही बसवायचेत. मल्टिमीटर आणि एलसीआर मीटर (इंडक्टन्स मोजणारा) आहे, स्कोप (ऑसिलोस्कोप) नाही.

बारा_व्होल्ट
तयार ॲडॉप्टर आणा आणि मोकळे व्हा. कशाला डोकेफोड?

फेराईट_फकीर
त्या ॲडॉप्टरवर १००-२४० लिहिलेलं असतं. रोज २७० बसले तर किती दिवस टिकणार?

सॉफ्टवेअर म्हणाल तर एलटीस्पाइस, दुसरं बघूच नका. यूसी३८४४ त्याच्या लायब्ररीत मिळणार नाही, त्याजागी एलटी१२४४ ठेवा. पिनला पिन जुळतो. १६ व्होल्टला सुरू, १० ला बंद, ड्युटी (दर चक्रात स्विच चालू असण्याचा वाटा) ५० टक्क्यांच्या आत.

गेट_ड्रायव्हर
एलटीस्पाइस ज्याने लिहिलं त्या माइक एंगलहार्टनेच २०२३ मध्ये क्यूस्पाइस आणलं. तेही फुकट, आणि स्विचिंग सर्किटला वेगवान. अजून जुन्याला का चिकटायचं?

फेराईट_फकीर
कारण अडलं तर विचारायला माणसं आणि जुनी उदाहरणं एलटीस्पाइसची जास्त सापडतात. चोवीस वॅटच्या फ्लायबॅकला वेग काय चाटायचाय?

चार_चॅनल
आधी स्कोप घ्या. माझ्याकडे चार चॅनलचा आहे, ₹३२,००० पडले. ड्रेनचा (मॉस्फेट स्विचच्या टोकाचा) वेव्हफॉर्म डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एसएमपीएस करूच नये.

बारा_व्होल्ट
बजेट अडीच हजार आहे हो.

मावळता_मॉस्फेट
आणि घेतलाच तर प्रोबची ग्राउंड क्लिप प्रायमरीच्या निगेटिव्हला लावू नका. स्कोपची बॉडी अर्थला असते, तो निगेटिव्ह मेन्सवर असतो. ब्रिज, फ्यूज आणि क्लिप एकदम जातात. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नाहीतर डिफरन्शियल प्रोब हवा.

गणिती_काका
सिम्युलेटर गणित करून देत नाही, आपण घातलेलं तपासतो. म्हणून आधी कागद.

१५० व्होल्टला पीक २१२. इनपुट कपॅसिटर ४७ मायक्रोफॅरड धरला तर ३० वॅट ओढताना ते १८८ पर्यंत उतरतं, १८० धरा. इनपुट ३० वॅट म्हणजे ८० टक्के कार्यक्षमता. डीसीएममध्ये (दर चक्रात ट्रान्सफॉर्मर पूर्ण रिकामा होतो) ठेवा, स्लोप कॉम्पेन्सेशनची (करंट लूप स्थिर ठेवायच्या दुरुस्तीची) भानगड नको. ड्युटी ०.३५ धरली की प्रायमरी १ मिलीहेन्री आणि पीक करंट ०.९६ अँपिअर येतो. ईई२५ चं क्षेत्रफळ ५२ चौ. मिमी, फ्लक्स ०.२५ टेस्ला धरून प्रायमरीला ७४ वेढे, सेकंडरीला ८, ऑक्झिलरीला (आयसीला वीज देणारं वाइंडिंग) १०. सेन्स रेझिस्टर (करंट मोजणारा) ०.९१ ओहम, म्हणजे करंट १.१ ला कापला जातो आणि कोअर सॅच्युरेट (चुंबकीयदृष्ट्या तुडुंब) होत नाही. सेकंडरीच्या डायोडवर उलटे ५५ च्या आसपास येतील, १०० व्होल्टचा शॉटकी लावा.

कोअरमधला गॅप ०.३६ मिमी, पण फक्त मधल्या खांबात घासलेला असेल तर. तिन्ही खांबांत कागद घालणार असाल तर ०.१८. इथे दुप्पट गॅप ठेवणारे फार. मग इंडक्टन्स कमी भरतो आणि माणूस वेढे वाढवत बसतो.

अजून एक. ३८४४ चा ऑसिलेटर दुप्पट वेगाने चालवावा लागतो. आउटपुटला ६५ हवेत तर ऑसिलेटर १३० ला: १३ के रेझिस्टर आणि १ नॅनोफॅरड कपॅसिटर. हे विसरलात तर साडेबत्तीसवर चालेल, पूर्ण लोडला १२ चे ९-१० होतील, आणि तुम्ही सेन्स रेझिस्टर कमी करून मॉस्फेट उडवाल.

गेट_ड्रायव्हर
एवढं हाताने कशाला? टॉपस्विच आयसी घ्या. पॉवर इंटिग्रेशन्सचं पीआय एक्स्पर्ट सॉफ्टवेअर वाइंडिंगसकट सगळं काढून देतं. मॉस्फेट आतच.

मावळता_मॉस्फेट
+१ टॉपस्विच. आणि इनपुट कपॅसिटर ४५० व्होल्टचाच.

बारा_व्होल्ट
२७० चे पीक ३८२. चारशेचा चालतो, सगळ्या ॲडॉप्टरांत तोच असतो.

मावळता_मॉस्फेट
चालतो, जोवर न्यूट्रल जागेवर आहे. ट्रान्सफॉर्मरवरचा न्यूट्रल सुटला की दोन फेजमधले ४१५ पर्यंत येऊ शकतात, पीक ५८७. तेव्हा साडेचारशेचाही जाईल, पण फ्यूजनंतर १४डी४७१ एमओव्ही (जादा व्होल्टेज गिळणारा भाग) असेल तर तो शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो. चारशेच्याला तेवढीही उसंत नाही.

ठिबकवाला
काकांचे आकडे एलटीस्पाइसमध्ये घातले. १२ व्होल्ट स्वच्छ आले. ड्रेनवर जेमतेम ५००. म्हणजे ६०० चा मॉस्फेट चालेल ना? आणि एक रन संपायला चहा होतो.

फेराईट_फकीर
नाही चालणार. कपलिंग (के, म्हणजे वाइंडिंग एकमेकांशी किती जुळलीत) १ ठेवलंय ना? तो कागदावरचा ट्रान्सफॉर्मर झाला. के १ च राहू द्या, पण प्रायमरीला सिरीजमध्ये वेगळा २० मायक्रोहेन्रीचा लीकेज (सेकंडरीशी न जुळणाऱ्या भागाचा) इंडक्टर घाला. ड्रेनला १०० पिकोफॅरड धरलेत तर क्लॅम्पशिवाय ९०० च्या वर उडी दिसेल. आता ती उडी पकडणारा आरसीडी क्लॅम्प (रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड) बसवा: यूएफ४००७, १० नॅनोफॅरड १ किलोव्होल्ट, २७ के ३ वॅट. दोनशेच्या आसपास पकडेल, म्हणजे ड्रेन ५८० ला. ८०० व्होल्टचा मॉस्फेट घ्या. रेझिस्टरमध्ये दीड वॅट जळतात, तो कपॅसिटरला चिकटवू नका.

खरा लीकेज एलसीआर मीटरवरच मिळेल. सेकंडरी आणि ऑक्झिलरी शॉर्ट करून प्रायमरी मोजा. २० च्या जागी ६० आले तर वाइंडिंग सँडविच करा: अर्धी प्रायमरी, मग सेकंडरी, मग उरलेली प्रायमरी.

चहाचं कारण: सुरुवातीपासून चालवताय. ‘.ic’ ने (सुरुवातीची व्होल्टेज ठरवणारी आज्ञा) आउटपुट १२ ला आणि आयसीची व्हीसीसी (पुरवठ्याची पिन) १५ ला भरून ठेवा, मग ५ मिलिसेकंद पुरतात. टाइमस्टेप ५० नॅनोसेकंदाच्या आत.

गणिती_काका
पण एकदा तरी शून्यापासून चालवाच. व्हीसीसीला १० मायक्रोफॅरड ठेवलात तर १६ वरून १० वर यायला साडेतीन मिलिसेकंद लागतात. आउटपुटचे २००० मायक्रोफॅरड भरायला त्याच्या दुपटीहून जास्त. मग सप्लाय टिकटिक करत बसतो आणि आयसी बदलून बदलून हात दुखतात. ४७ ठेवा. आणि कोअर सॅच्युरेट झालेला साध्या इंडक्टरमध्ये कधीच दिसत नाही, ते कागदावरच पाहावं लागतं.

चार_चॅनल
म्हणून म्हणतो, स्कोप.

मावळता_मॉस्फेट
पहिल्यांदा लाइन देताना ६० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये. एलईडी नको. क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर बंद करा.

गेट_ड्रायव्हर
कपॅसिटर ४५० चाच घ्या. वर सांगितलंय. आणि टॉपस्विच.

ठिबकवाला
ठरलं. ३८४४ च. गल्लीत ₹२० ला मिळतो, उडाला तर दुसरा. सिम्युलेशन क्यूस्पाइसवर नेलं, फकीरसाहेब रागावू नका. कपॅसिटर मात्र ४०० चाही नाही नि ४५० चाही नाही: १०० मायक्रोफॅरड २५० व्होल्टचे दोन सिरीजमध्ये, प्रत्येकावर २२० के. पन्नास मायक्रोफॅरड, ५०० व्होल्ट. लीकेज मोजला, २६ आला.

बारा_व्होल्ट
जागा किती खाणार ते!

फेराईट_फकीर
२६ ला २७ के थोडा गरम होईल, ५ वॅटचा घ्या. क्यूस्पाइसबद्दल नंतर बोलू.

गणिती_काका
सेकंडरीला ट्रिपल इन्सुलेटेड वायर घेतली का साधी? साधी असेल तर दोन्ही कडांना ३ मिमी टेप सोडून उकलून पुन्हा गुंडाळा.