पोरांना झाड सजवायचंय, पण सगळं पक्षी-खारींनी खायचं! काय टांगावं?

झाडवेडा: मंडळी, आमच्या आठवी-नववीच्या पोरांच्या डोक्यात खूळ शिरलंय की मोकळ्यावरचं एक झाड सजवायचं, पण दिवे-बिवे नाही, सगळं पाखरांनी आणि खारींनी खाऊन संपवायचं. आयडिया झक्कास, पण यादी बघितली तर त्यात खारे शेंगदाणे, पाव, चॉकलेट आणि वर चमकीच्या माळा. काय ठेवू नि काय उडवू?

खारुताई: चॉकलेट आधी उडवा, खाली पडलं आणि कुत्र्याने खाल्लं तर त्याला ते विषच. खारे दाणे पण नको, एवढं मीठ पाखरांना झेपत नाही. पावाने नुसतं पोट भरतं, अंगी काही लागत नाही. त्यापेक्षा बिनमिठाचे दाणे, सूर्यफुलाच्या बिया, बाजरी, सफरचंदाच्या फोडी. दाण्यांना खवट, कुबट वास आला तर सरळ फेका, बुरशीचं विष (अफ्लाटॉक्सिन) भाजूनसुद्धा पूर्ण जात नाही.

दोरीबहाद्दर: सगळे खाण्यावरच बोलतायत, दोऱ्याचं काय? नायलॉनचा दोरा किंवा फळांची जाळीची पिशवी अजिबात नको, पाय अडकला की पाखरू ओढत राहतं आणि जितकं ओढेल तितका फास आवळतो. सुतळी नाहीतर सुती दोरा घ्या, तोही आखूड, आणि कुठे सैल फासा राहू देऊ नका. चमकी पण याच कारणासाठी बाद. मक्याच्या बिनमिठाच्या लाह्या ओवायच्या असतील तर आदल्या दिवशी फोडून ठेवा, ताज्या लाह्या सुई घातली की फुटतात, जरा शिळ्या झाल्या की मस्त ओवल्या जातात.

सरळबोल्या: मला विचाराल तर हे कौतुक आपलंच. एका जागी गर्दी झाली की साल्मोनेलासारखे रोग एकाचे दुसऱ्याला लागतात, खाली सांडलेल्यावर उंदीर येतात ते वेगळंच. पोरांना फळझाड लावायला सांगा की.

दोरीबहाद्दर: @सरळबोल्या मुद्दा बरोबर, पण फळझाडाला फळ धरेपर्यंत ही पोरं कॉलेजात जातील 😄 थोडंच टांगा, दोन-तीन दिवसांत उरलंसुरलं दोऱ्यांसकट काढा आणि खालचं झाडून घ्या, मग एवढा प्रॉब्लेम नाही. आणि झाड खिडकीच्या काचेपासून एक मीटरच्या आत तरी हवं नाहीतर दहा मीटरच्या पलीकडे. पाखरू जवळून उडालं तर वेग धरत नाही, मधल्या अंतरात मात्र काचेवर जोरात आपटतं.

झाडवेडा: भारी माहिती! चमकी रद्द म्हटल्यावर दोघी-तिघी फुगल्या होत्या, आता संत्र्याच्या चकत्या टांगायचं ठरलंय, उन्हात त्याही छान दिसतात. काढायची ड्यूटी कुणाची यावर अजून भांडण चालूच आहे. पाण्याचं भांडं झाडाखालीच ठेवू का?

खारुताई: फांदीखाली नको, वरून शीट पडते. जरा बाजूला उघड्यावर ठेवा म्हणजे मांजर दबा धरून बसलं तर दिसेल, आणि पाणी रोज बदला. भांडं उथळच घ्या.