कोल्हापुरात बसवलेला क्लच, बेळगावात मागितलेली वॉरंटी

आमच्या बेळगावातल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं बोलणं. नावांच्या जागी फ्लॅट नंबर आहेत.

गुरुवार, रात्री

बी-२०३: नमस्कार मंडळी. गाडीच्या एका प्रकरणात अडकलोय, जाणत्यांनी सल्ला द्यावा. चार महिन्यांपूर्वी मेहुण्यांच्या ओळखीनं कोल्हापुरातल्या एका गॅरेजमध्ये क्लचचा पूर्ण सेट बदलून घेतला. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि गिअरबॉक्सचं पुढचं ऑईल सील (तेल गळू नये म्हणून बसवलेलं रबरी कडं). मजुरी धरून १२,६०० रुपये. बिलावर शिक्का आहे, ‘६ महिने किंवा १०,००० किमी वॉरंटी’. गाडी फिरली ३,२०० किमी. परवा निपाणीहून येताना वंटमुरी घाटात ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी काही वेग घेईना. मागं ट्रकवाले हॉर्न वाजवायलेत, शेजारी आई बसलेली. सेकंड गिअरवर कसंबसं घर गाठलं.

गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणतो, “हाफ क्लचवर, पेडल अर्धवट दाबून चालवून प्लेट जाळलीसा. ड्रायव्हिंगची वॉरंटी नसते.” गाडी बघितली नाही, उघडली नाही, फोनवरच निकाल! आणि वर, “केस करायची असली तर कोल्हापूरला या.”

सी-१०१ वहिनी: भाऊजी, आई बऱ्या आहेत ना?

बी-२०३: हो वहिनी, बऱ्या आहेत. घाबरल्या होत्या जरा.

डी-४०१ मामा: सोडून द्या हो. १२ हजारांसाठी ११० किमी हेलपाटे कोण घालणार? डिझेल, टोल, एका दिवसाचा खाडा. इथंच करून घ्या आणि मोकळे व्हा.

ए-३०४ दादा: राग मानू नका, खरं एक विचारतो. गाडी घरात किती जण चालवतात? मी टॅक्सी घेऊन आठवड्यातनं चारदा चोर्ला घाट चढतो. चढावर ब्रेक न लावता क्लचवरच गाडी धरून ठेवायची सवय असली तर नवी प्लेटसुद्धा लवकर संपते. गॅरेजवाला प्रत्येक वेळी खोटाच असतो असं नाही.

बी-२०३: बरोबर विचारलंत दादा. मी चालवतो, कधीमधी मुलगी. ती नवीनच शिकलीय. म्हणूनच मलाही खात्रीनं काही बोलता येईना.

ए-१०२ काका: मी उद्यमबागेत तीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढलीत, म्हणून सांगतो. भांडण फोनवर मिटणार नाही, ते प्लेट सांगेल. हाफ क्लचनं गेलेली प्लेट वेगळी दिसते. लायनिंग, म्हणजे प्लेटवरचा घर्षणाचा थर, झिजून रिव्हेटपर्यंत आलेलं असतं, प्रेशर प्लेटवर निळे डाग पडलेले असतात आणि करपल्याचा वास येतो. तेल लागून घसरणारी प्लेट वेगळी. लायनिंगची जाडी शाबूत असते, वर काळपट चकाकी असते. तेल कुठलं तेही ओळखता येतं. इंजिन ऑईल काळं असतं आणि ते मागच्या क्रँक सीलमधून येतं. गिअर ऑईलला गंधकाचा उग्र वास असतो, ते गिअरबॉक्सच्या सीलमधून येतं. तुमच्या बिलात तेच सील नवीन टाकल्याचं लिहिलंय, हे फार महत्त्वाचं.

खरं घाई करून उघडू नका. तुम्ही इथल्या मिस्त्रीकडून परस्पर खोललात तर तो म्हणेल, दुसऱ्यानं हात लावला, वॉरंटी संपली. आधी त्याला लेखी कळवा. अमुक दिवशी, अमुक वाजता गाडी उघडतोय, तुम्ही या किंवा माणूस पाठवा, नाहीतर गाडी तुम्ही तुमच्या खर्चानं घेऊन जा. व्हॉट्सॲपवर पाठवा आणि स्पीड पोस्टानंही पाठवा. आणि जुनी प्लेट कुणालाही देऊ नका. भंगारात गेली की पुरावा गेला.

बी-१०४ ताई: मी वकिली करते म्हणून कोल्हापूरच्या मुद्द्यापुरतं सांगते. जायची गरज नाही. १९८६ च्या जुन्या कायद्यात समोरचा जिथं धंदा करतो किंवा जिथं प्रकार घडला तिथं जावं लागायचं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथं राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडंही तक्रार करता येते. म्हणजे आपल्या बेळगावात. आपल्या भागात निम्म्या घरांची सोयरीक कोल्हापूर, गडहिंग्लज, सांगलीकडं. माणूस राहतो कर्नाटकात, खरेदी करतो महाराष्ट्रात, आणि “तिकडं या” म्हटलं की गप्प बसतो. या एका कलमानं ती अडचण दूर झालीय, आणि ते आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावायलाच पाहिजे असंही नाही. तक्रार करायची मुदत २ वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर नोंद करा, मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. ते निकाल देत नाहीत, समोरच्याशी बोलून मिटवायचा प्रयत्न करतात. पण नोंद राहते.

ए-३०४ दादा: ताई, टॅक्सीलाही हे चालतं का?

बी-१०४ ताई: निव्वळ धंद्यासाठी घेतलेली सेवा कायद्यात बसत नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवत असाल तर तुम्ही ग्राहकच. आणि दादा, बिल मागून घेत जा. बिल द्यायला नकार देणं हीसुद्धा कायद्यानं अनुचित व्यापार प्रथा आहे.

ए-३०४ दादा: खरं सांगू? मी आजवर पाठकोऱ्या कागदावरच हिशोब घेत आलोय. उद्यापासून बंद.

रविवार, संध्याकाळ

बी-२०३: मंडळी, काल गाडी उघडली. गॅरेजवाल्याला शुक्रवारी सकाळीच मेसेज केला होता, निळी टिक आली, उत्तर नाही, माणूसही आला नाही. पोस्टाची पावती जपून ठेवलीय. काका स्वतः आले होते, त्यांचे उपकार कसे फेडू?

गिअरबॉक्स खाली घेतला आणि बेल हाऊसिंगमधून (क्लचवरच्या कवचातून) तेलाचा ओघळ थेट खालच्या पत्र्यावर आला. काकांनी प्लेट नाकाजवळ नेली आणि माझ्यापुढं धरली. गंधकाचा वास, उग्र. मला ओळखायला सांगावंसुद्धा लागलं नाही. लायनिंग जवळजवळ नव्यासारखं, रिव्हेट अजून खोल आत. मग काकांनी सील काढून उजेडात धरलं. सील नवीनच आहे, आतल्या रबराच्या लिपवर, म्हणजे कडेवर, मात्र नखाएवढी चीर.

ए-१०२ काका: शाफ्टला दाते असतात. सील त्यावरून सरकवताना दात्यांवर टेप गुंडाळायची किंवा स्लीव्ह घालायची. तसंच ढकललं तर लिप कापली जाते. तेल थेंबथेंब झिरपत राहतं, महिना दोन महिने कळत नाही. एक गोष्ट आपणहून सांगतो, प्रेशर प्लेटवर थोडे निळे डाग आहेत. घसरणारी प्लेट तापतेच. गॅरेजवाला तेवढंच धरून बसेल. त्याला लायनिंगची जाडी दाखवायची. मी व्हर्नियर लावून मापं कागदावर लिहिलीत.

ए-३०४ दादा: मी चुकीचा संशय घेतला. मुलीला सांगा, तिची काही चूक नाही.

बी-२०३: सांगितलं दादा. तीन दिवस किल्लीला हात लावत नव्हती पोरगी. मला बारा हजारांपेक्षा तेच जास्त लागलं होतं.

आज दुपारी फोटो पाठवल्यावर गॅरेजवाल्याचा फोन आला. म्हणतो, प्लेट फुकट देतो, मजुरी तुमची, गाडी कोल्हापूरला आणून द्या. मी नाही म्हटलं. चूक त्याच्या हातानं झाली, मजुरी आणि गाडी न्यायचा खर्च मी का सोसायचा? बुधवारपर्यंत पूर्ण रक्कम आणि इथला खर्च परत नाही आला तर तक्रार दाखल करणार. डी-४०१ मामा, तुम्ही म्हणालात ते रकमेच्या हिशोबानं बरोबर आहे. पण त्यानं आमच्या चालवण्यावर ढकललं आणि पोरीवर आळ आला, ते मला सोडवत नाही.

डी-४०१ मामा: बरोबर आहे. कन्नडमध्ये अर्ज लागला तर मी लिहून देतो, अक्षर बरं आहे माझं.

सेक्रेटरी: झेरॉक्स ऑफिसमध्ये काढा, पैसे नकोत.

बी-२०३: प्लेट आणि सील वेगवेगळ्या पिशव्यांत घालून, वर तारीख लिहून कपाटात ठेवलंय. काका, मापांच्या कागदावर तुमची सही राहिलीय. उद्या सकाळी दूध आणायला खाली याल तेव्हा येऊ का?

ए-१०२ काका: साडेसहाला ये. व्हर्नियरही घेऊन ठेवतो, एकदा परत मोजू.